घरचे हात

६ ऑक्टोबर, रविवार
देवळासमोर मीटिंग झाली. पाड्याचा पुढारी श्यामकांत पाटील बोलला. त्याच्या लहानपणी पाड्यात सगळी घरं कोळ्यांची. आता निम्म्याच्या वर बाहेरची. बंगले त्यांचे, भाड्याच्या खोल्यांत ते, होडीवर खलाशी पण तेच. आपली पोरं मालाडला मॉलमध्ये उभी राहतात. पगार बारीक, पण रोज समुद्राच्या तोंडाकडे बघायला नको. शाळेत पहिलीला कोळ्यांची दोनच पोरं. मग आम्हा बायकांकडे वळून बोलला, "एकेका पोरावर थांबताय. असं गाव टिकतं काय गो?"
सगळे हसले. माझा नवरा निमेश हसला नाय. माझ्याकडे बघत होता.

९ ऑक्टोबर
सहदेवला झोडला! आमच्याच होडीवरचा खलाशी. मागच्या खोलीत बायको घेऊन राहायचा. निमेशच्या ताटाला ताट लावून जेवायचा. दारूवर बोलाबोली झाली, कोणीतरी बोललं बाहेरचे माजलेत — आणि निमेशने वल्हं उचललं. कानाजवळ डोकं फुटलं त्याचं. वाळत टाकलेल्या बोंबलांवर रक्त उडालं.
सासूने ते बोंबील गोळा केले, खाडीत टाकले.

१० ऑक्टोबर
जखमी सहदेवला घेऊन सगळे खलाशी पाडा सोडून गेले.

१५ ऑक्टोबर
होडी किनाऱ्यावरच. जाळं ओढायला माणूस नाय. निमेश सकाळपासून पितो. बोलला, "मला घरचे हात पायजेत. तीन पोरगे." मी बोलले, आज पोटात राहिला तरी जाळं ओढायला कधी येणार तो? थोबाडीत बसली. ओठ फुटला.
पोरीच्या, विनिताच्या बाळंतपणात माझं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरीण त्याच्यासमोर बोलली होती, इतक्यात दुसरं राहिलं तर बाई जगायची नाय. तो बोलतो, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. म्हणून मी मागच्या वर्षीच माहुलला आईकडे जाते सांगून दवाखान्यात गेले, तांबी बसवून घेतली. इथे कोणाला माहीत नाय. सासूला पण नाय. कळलं तर मारेल मला.

१९ ऑक्टोबर
वाट लागली. दवाखान्याची ताई जेट्टीवर भेटली त्याला. बिचारी चांगल्यासाठीच बोलली, दादा, वैनीला पाठवा, तांबी तपासायची राहिलीय. बाजूला श्यामकांत. तो बोलला म्हणे, निमेश, घरात होडी कोण हाकतो रे, तू का बायको?
पट्टा काढूनच घरात आला. केस धरून भिंतीवर आपटलं. मग पट्टा, मग लाथा. विनिता माझ्या पायाला चिकटलेली — तिला हाताला धरून फेकली. दोन वर्षांची नाय अजून! सासू दारात जाळं शिवत बसलेली. सुई थांबली नाय तिची.
जाताना बोलला, "उद्या काढून ये. नायतर मी काढतो. हाताने."

२० ऑक्टोबर, सकाळी
विनिताचा हात सुजलाय. हलवत नाय. आईला फोन लावला. बोलली, सहन कर गं, एक पोरगा झाला की शांत होईल. मी फोन कापला.
निमेश पिऊन पडलाय. उठला की —
कोयती पदराखाली ठेवलीय.

२० ऑक्टोबर, दुपारी
खाडी ओलांडून मार्व्याच्या पोलीस चौकीत बसलोय. आम्ही तिघी.
तो आत घोरत होता, सासूनेच दाराला बाहेरून कुलूप घातलं. विनिताला खांद्यावर टाकली, बोलली, "चल गो." मला वाटलं, डॉक्टरकडे तांबी काढायला नेते. फेरीबोटीवर तिने चौकीचं नाव काढलं. मी बोलले, आई, तुमचा मुलगा हाय तो. तिने विनिताचा सुजलेला हात पदरात घेतला.
इथे साहेबाने विचारलं, मारताना कोणी पाहिलं? ती पुढे झाली.
"मी. कालच नाय, पैल्यापासून बघते. निमेशच्या मागून दोन राहिले माझ्या पोटात, त्याच्या बापाने लाथांनी पाडले. तवा मी गप बसले. लिहा."