माझा संघ फुटणार नाही

मी, उफेमिया पेगेरो, कैलासवासी प्लासिदो रोसारियो यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार लॉरेन्स, मॅसॅच्युसेट्स, मूळ गाव बानी, याद्वारे सांगते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. दडपण आणायला जे आले त्यांना मी कॉफी पाजून परत पाठवलं. मला लिहितावाचता येत नाही, म्हणून मी बोलते आणि वकीलबाई लिसेलॉट लिहून घेतात. मी सांगितलेलं गाळायचं नाही, असा त्यांच्याकडून शब्द घेतला आहे.

एक. राहतं घर मुलगा राडामेस याला. घर विकलं तरी हरकत नाही, पण मागच्या अंगणातलं डॉमिनोज खेळायचं टेबल हलवायचं नाही. ते प्लासिदोने स्वतः रंधा मारून केलं आहे आणि त्याचा एक पाय तोकडा आहे, प्लासिदोसारखाच.

दोन. भाताचं जाड पातेलं शेजारीण मिलाग्रोस हिला. तिने ते तीनदा मागून नेलं आणि तीनदा खरपुडी न खरवडता परत केलं. आता घासत बस म्हणावं.

तीन. बँकेतल्या पैशातून आधी नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा खर्च करावा. उरेल ते राडामेस आणि त्याची मुलगी योकास्ता यांनी निम्मं निम्मं घ्यावं. प्रार्थनेला येणाऱ्यांना कॉफी आणि बिस्किटं द्यावीत. स्वयंपाकघराला मात्र कुलूप लावावं. कारण पुढे येतंच आहे.

चार. माझा बेसबॉलचा संघ.

वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, हे मृत्युपत्रात येत नाही हो."

मी म्हटलं, "बाई, मग माझ्याकडे दुसरं आहे काय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बिएन्वेच्या केशकर्तनालयात आमची लीग चालते. खेळणारे खरे असतात, तिकडे मोठ्या मैदानांवर खेळतात. आम्ही इथे त्यांना कागदावर वाटून घेतो आणि त्यांनी मारलेल्या फटक्यांचे गुण आपले म्हणून मिरवतो. एकाला बाकावर बसवायचं, दुसऱ्याला उतरवायचं, तिसऱ्याची अदलाबदल करायची. मोठमोठे बाप्ये यावरून भांडतात आणि बायकोचा वाढदिवस विसरतात. लीगचा प्रमुख माझा दीर फाउस्तो. त्याचा संघ सदा शेवटचा, म्हणूनच त्याला नियम करायला वेळ मिळतो.

त्याचा लाडका नियम असा: मालक मेला की संघ मोकळा, आणि मोकळ्या खेळाडूंत पहिली निवड शेवटच्या नंबरवाल्याची. प्लासिदो गेला तेव्हा मी पुढच्या खोलीत जपमाळ ओढत होते आणि स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं, "हा मला, तो तुला." प्रार्थनेच्या चौथ्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या संघाचे तुकडे पाडले, माझीच बिस्किटं खात. मी केशकर्तनालयातल्या प्लासिदोच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले ती त्या रागाने, आणि शून्यापासून नवा संघ उभा केला.

आता या संघात विल्किन नावाचा पोरगा आहे. आमच्या बानीचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. कोपराची शस्त्रक्रिया झाली, यंदा तो चेंडूला हात लावणार नाही. मी त्याला जखमींच्या जागेवर जपून ठेवला आहे. ती जागा संघात मोजत नाहीत.

फाउस्तो म्हणतो, "वहिनी, सोडून द्या त्या पोराला. कोपर गेलं त्याचं."

"माझे दोन्ही गुडघे गेलेत, भावजी. मला सोडलं का कुणी?"

तेव्हापासून तो दर रविवारी कोंबडीचं सूप घेऊन येतो. मी किती घोट प्यायले ते बघतो, श्वास कसा चाललाय ते बघतो आणि विचारतो, "विल्किन कसा आहे?" मी विल्किनपेक्षा बरी आहे, हे ऐकून त्याचं तोंड उतरतं.

तर माझा संघ, विल्किन आणि त्याच्या कोपरासह, नात योकास्ता हिला मिळावा. दर सोमवारी कोण उतरणार, कोण बसणार हे तीच मला वाचून दाखवते आणि माझ्याशी भांडते. तिचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं. हे तिला मी मेल्यावरच कळावं.

पाच. फाउस्तो म्हणेल, नियमात वारस बसत नाही. बरोबर आहे. म्हणून नियम बदलते. स्वतःच्या मुलीच्या लग्नामुळे अदलाबदलीची मुदत हुकू नये, म्हणून त्यानेच मागे एका हात पुसायच्या कागदावर लिहिलं होतं: लीगप्रमुख आणि आणखी एक मालक यांनी सही केलेला कोणताही कागद म्हणजे नियम. तो कागद, घेवड्याच्या डागासकट, बिएन्वेच्या आरशाच्या वर चिकटवलेला आहे. त्याला धरून हा नवा नियम: मालक मेला तरी संघ फुटत नाही, त्याने ज्याचं नाव सांगितलं त्याला तो अख्खा मिळतो.

सहा. सुपाचं भांडं फाउस्तोला परत करावं. सूप चांगलं होतं, मीठ कमी पडतं. माझ्या प्रार्थनेला त्याने जरूर यावं आणि पुढच्या खोलीत बसावं.

हे सगळं मला दोनदा वाचून दाखवलं, मी हसले, आणि हे माझंच म्हणणं आहे म्हणून अंगठा उठवते.

लॉरेन्स, रविवार, ११ ऑगस्ट २०२४.

उफेमिया पेगेरो, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदारांविषयी नोंद, लिसेलॉट यांच्या हातची:

पहिले साक्षीदार बिएन्वेनिदो काब्राल, केशकर्तनकार, लीगमधील एक मालक. यांनी सगळा मजकूर वाचला, पाचवं कलम पुन्हा वाचलं, खिडकीबाहेर बघत बराच वेळ खोकले आणि सही केली.

दुसऱ्या साक्षीदारांना "वाचून दाखवू का?" असं विचारलं. ते सुपाचं भांडं हातात घेऊन रेडिओजवळ उभे होते. म्हणाले, "छे हो, शेवटचा डाव चाललाय. वहिनींवर माझा पूर्ण विश्वास. सही कुठे करू तेवढं सांगा." सही झाल्यावर उफेमिया मावशी म्हणाल्या, "भावजी, नुसतं नाव काय लिहिता? मान आहे तुमचा."

फाउस्तो रोसारियो, लीगप्रमुख. हुद्दा त्यांनी स्वतःच्या हाताने, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिला.