अण्णांच्या फाइली

प्रिय योगी,

फोनवर बोलता आलं असतं, पण आई शेजारीच बसते आणि माझा चेहरा वाचते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये बसून लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस, स्क्रीनपुढं बसून बसून हात लिहायचं विसरलाय.

आधी तुला न आवडणारं सांगून टाकते. अण्णांच्या फाइली मी काल काढून टाकल्या. सगळ्या. लगेच चिडून फोन करू नकोस, पत्र पुरं वाच.

तुला वाटतं, चार फोटो ठेवायला जागा कशी नसते! तू बंगळुरात कंपन्यांचा डेटा सांभाळतोस, तिथं जागा कमी पडली की मागवत असशील. आमच्या धाराशिवात तसं नाही. इथलं मायक्रोस्कोपचं सॉफ्टवेअर पेशंटच्या गाठीतून काढलेल्या नखाएवढ्या तुकड्याचे हजारो फोटो काढून एकत्र जोडतं, एकेक फाइल सिनेमापेक्षा मोठी होते. तुकडा चिकटवलेल्या काचेवर मी त्याच्याभोवती स्केचपेननं गोल करून देते, म्हणजे मशीन रिकामी काच स्कॅन करत नाही. तरी डिस्क भरतेच. मग आमच्या डॉक्टर मॅडमचा नियम असा की जे पेशंट गेले, त्यांच्या फाइली आधी काढायच्या. 'डिलीट' हा शब्द आमच्याकडं कुणी उच्चारत नाही. माझ्यासोबत काम करणारा गोरोबा सकाळी विचारतो, "अक्का, आज कुणाची जागा करायची?" काढण्याआधी मी प्रत्येकाची फाइल एकदा उघडते, नाव आणि गाव मनात वाचते. गोरोबा पहिल्यांदा हसला होता. आता तोही शेजारी येऊन उभा राहतो.

अण्णांची पाळी आली की मी त्यांना मागं ठेवून दुसऱ्या कुणाची तरी जागा करायची. माणूस जन्मभर परंड्याच्या गाडीत कंडक्टर म्हणून "पुढं सरका, पुढं सरका" ओरडत राहिला आणि लेक त्याला मागं सरकवतेय, असं मनात यायचं आणि हसूही यायचं. त्या घशानंच शेवटी दगा दिला.

तू ठेव म्हणालास, म्हणून ठेवलं. काचा सोलापूरच्या दवाखान्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत, त्यामुळं या फाइलीच काय त्या राहिल्या होत्या. तुला मोबाइलवर एक पाठवून बघितली तर तिकडं नुसता गुलाबी-जांभळा डाग पोचला. तोच तू फोनवर लावून ठेवलास, आणि ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, कसलं फूल आहे हे. तू ते मला हसत हसत सांगितलंस. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. पूर्ण फाइली न्यायच्या तर जो नेणार त्या घरच्या माणसानं स्वतः येऊन सही करावी लागते, आणि मी इथंच नोकरीला म्हणून माझी सही चालत नाही. तू म्हणालास, दिवाळीला चांगली डिस्क घेऊन येतो. मग संक्रांतीला येतो म्हणालास. मग श्रावणात, रामलिंगला जाऊ तेव्हा.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तिकडचा कुणी मोठा डॉक्टर बघेल आणि कुणाचं चुकलं ते सांगेल, असं तुला वाटतं. पण आवाज बसला तेव्हा अण्णा वर्षभर खडीसाखर आणि ज्येष्ठमध चघळत राहिले, डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायचे. हे तुलाही माहीत आहे. तू शेवटी वेळेवर पोचला नाहीस, ते तुला सोसत नाही. माझ्या राजा, त्यावरचा इलाज त्या फाइलींत नव्हता रे. तुझ्या तोंडावर हे बोलायला माझी जीभ रेटत नव्हती.

काल सकाळी नवीन काच लावली आणि मशीननं जागा नाही म्हणून सांगितलं. गेलेल्यांपैकी फक्त अण्णाच उरले होते, बाकीचे सगळे उपचार घेणारे. मी फाइल उघडली. वैजनाथ, येडशी. गोरोबा म्हणाला, "अक्का, म्या करू का?" मी नको म्हटलं. बाप माझा होता.

योगी, ती नवीन काच आईची होती. तिच्या काखेत गाठ आहे. किती महिने लपवली होती देव जाणे, मागच्या आठवड्यात तिला वेणी घालायला हात वर नेता येईना तेव्हा मला कळलं. तुकडा काढायला मीच घेऊन आले. वाटेत बसमध्ये सारखं एकच, "योगीला कळवू नगं, लई कामात हाय लेकरू." मॅडमचा रिपोर्ट अजून यायचा आहे. पण इतकी वर्षं मी त्याच स्क्रीनपुढं बसते, मला दिसायचं ते दिसलं. तिला मी अजून काही बोललेले नाही, आणि माझ्या एकटीच्यानं ते सांगवणारही नाही. सध्या ती भाकऱ्या थापते, शेजारणीशी भांडते, माझ्यावर खेकसते, तुझं नाव निघालं की तुझीच बाजू घेते. ती अशी आहे तोवर ये.

तुझीच, तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
दैवशाला अक्का