कोलशेतच्या खाडीतलं प्रवाळ

५ नोव्हेंबर १९९५, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलेलं. डिसेंबरात आमच्या बोल्टच्या कारखान्यात जर्मन पार्टी येणार. रिसेप्शनमध्ये काहीतरी भारी हवं म्हणाले. मी म्हटलं, खाऱ्या पाण्याचा फिशटँक, प्रवाळासकट. वागळे इस्टेटमध्ये कुणाकडे नाही. जमेल का म्हणाले. म्हटलं, हातचा मळ आहे. (अनुभव : दोन गोल्डफिश, १९८९. अल्पायुषी.) टँक जमला की स्टोअरकीपरचा ॲडमिन ऑफिसर. साहेब तसं बोलले नाहीत, पण मला कळतं.

८ नोव्हेंबर
कुर्ल्याच्या फिशटँकवाल्याकडे गेलेलो. म्हणाला, खाऱ्या टँकचा जीव म्हणजे लाइव्ह रॉक. समुद्रातले प्रवाळाचे दगड, आतबाहेर बारीक जीव वाढलेले. तेच पाणी साफ ठेवतात. त्याच्याकडे नाहीत. हरकत नाही. बायकोचा, म्हणजे शीलाचा, मावसभाऊ सीताराम गुजरातेत ओख्याच्या बंदरावर नोकरीला आहे. पत्र टाकलं : पन्नास किलो, रेल्वे पार्सलने.

१६ नोव्हेंबर
सीतारामचं उत्तर. तिथला किनारा समुद्री राष्ट्रीय उद्यानात येतो. प्रवाळ सोडा, खडा उचलायला बंदी. ‘भावोजी, तुमच्या शोभेसाठी मी तुरुंगात जाऊ का?’ असं लिहिलंय. भाषा बघा! दगडाला संरक्षण. म्हणे एवढंसं वाढायला वर्षानुवर्षं लागतात. आमच्या प्रमोशनलाही लागतात, त्याला कोण संरक्षण देतंय?
संध्याकाळी विचार केला. कायदा बरोबर आहे. मी पहिल्यापासून निसर्गप्रेमी. दगड मीच बनवणार.

१९ नोव्हेंबर, रविवार
गच्चीवर सिमेंट, वाळू आणि शिंपल्यांचे अकरा गोळे घातले. भोकं पाडायला लाटणं वापरलं. शीलाला परत दिलं, तिने घेतलं नाही.

२२ नोव्हेंबर
गोळे घेऊन कोलशेतला. दामाजी कोळ्याला समजावलं की हे जाळ्यात बांधून खाडीत सोडायचे, तीन आठवड्यांत जिवंत होतील. दामाजी म्हणाला, “सायेब, हितं फॅक्टरीचं पानी येतं. चिखलाबिगर काय चिकटनार?” विज्ञान सगळ्यांना कळत नाही. त्याची बायको आवडाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. आदराने.

११ डिसेंबर
गोळे वर काढले. काळे, बुळबुळीत, दोनतीन कालवं चिकटलेली. अपेक्षेपेक्षा उत्तम. वास आहे, पण तो जिवंतपणाचा. रिक्षावाल्याने नाक्यावरच उतरवलं. उरलेलं अंतर चालत.
एका भोकात लहानशी चिंबोरी (खाडीतली खेकडी) निघालेली. दामाजी म्हणाला, “काढा तिला, तुमची मासली खाऊन टाकंल.” म्हटलं, राहू दे. टँकला सफाई कामगार लागतोच.

१३ डिसेंबर
टँक भरला. कुर्ल्याहून आणलेले दोन नारिंगी मासे सोडले. काय जोडी! एक पुढे, दुसरा मागे. काचेला बोट लावलं की दोघेही बोटाशी येतात. जेवणाच्या सुट्टीत डबा तिथेच खाल्ला. पोपट शिपायाने न सांगता उदबत्ती लावली. सहा लावल्या.

१४ डिसेंबर
एक मासा लपलाय.

१५ डिसेंबर
दुसराही लपला. समुद्रातले मासे संकोची. चिंबोरीला हवापालट मानवलेला दिसतो. अंगाने भरलीये.

१६ डिसेंबर
इथल्या एका साप्ताहिकाला बातमी लिहून दिली. कोलशेत लिहिणार होतो, पण बरं दिसेना. ‘ओख्याचे अस्सल प्रवाळ’ लिहिलं. एका गावाचा तर फरक.

१८ डिसेंबर
जर्मन पार्टी आली. टँकसमोर थांबली. चिंबोरीने नांगी वर केली. पार्टीने रुमाल काढला. साहेबांनी त्यांना लगेच आत नेलं, उत्सुकता ताणायची त्यांची पद्धत.
बातमी छापून आली. चार प्रती घेतल्या.

२० डिसेंबर
वनखात्यातले एक गृहस्थ आलेले. हातात साप्ताहिक. ओख्याहून प्रवाळ कुणी आणलं, कुणाच्या परवानगीने? रिसेप्शनमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी म्हटलं, प्रवाळ नाही, सिमेंट आहे. ते म्हणाले, पकडल्यावर सगळे असंच काहीतरी सांगतात. मी घामाघूम. स्टोअरमधून हातोडी मागवली. पहिला गोळा मीच फोडला. त्यांनी तुकडा हातात घेतला, वास घेतला, लांब धरला. म्हणाले, हे तर सिमेंट आहे.
सुटलो. तरी राहवलं नाही. विचारलं, पण बाहेरून तरी प्रवाळासारखं वाटतं ना? ते म्हणाले, नाही.
जबाब लिहून घेतला : ‘सदर गोळे मी स्वतः बनवले असून प्रवाळाशी त्यांचं कोणतंही साम्य नाही.’ सही केली. साहेब म्हणाले, आत्ताच्या आत्ता सगळं उचल. पोपट बादली धरून उभा राहिला.
घरी शीलाने विचारलं, मासे कसे आहेत. म्हटलं, चिंबोरीने खाल्ले.
म्हणाली, अगंबाई, कधी?
म्हटलं, सुरुवातीलाच.