वायफाय सुटल्यावर

दि. १४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद रीतीप्रमाणे आहेत, मनापासून नाहीत. इकडे सगळे खुशाल असं लिहायची पद्धत आहे, पण मला खोटं लिहायची हौस नाही.

काकांना फोन करून तू सांगितलंस, "ताईनं बिल्ला चार्जच केला नसेल, म्हणून बाबा सापडले नाहीत." वा रे शहाण्या! बाबा घराचा रस्ता विसरतात म्हणून तू केलेल्या त्या बिल्ल्याची बॅटरी भरलेली होती. बिल्ला बाबांच्या गळ्यातच होता. फक्त ते कुठे आहेत, एवढंच तो सांगत नव्हता.

हॉस्पिटलात तो काढून ठेवला होता, तेव्हा घरी आणून मी स्वतः घालून फिरले. अंगणात ठिकाण अचूक. कोपरा ओलांडला, घरचं वायफाय सुटलं, की चिडीचूप. मग आतल्या चिपा चालवणारा तुझा ड्रायव्हर-प्रोग्राम उघडून वाचला. लिनक्स तुला मीच शिकवलंय, विसरला नसशील. वायफाय आणि जीपीएस, दोन्ही चिपांना वीज एकाच तारेतून येते. वायफाय मिळेना झालं की बॅटरी वाचवायला तू ती वीज तोडतोस, आणि जीपीएसही बंद पडतं. म्हणजे माणूस घरात असला की बिल्ला बोलणार, हरवला की गप्प! ऑफिसात बसून, वायफाय चालू असताना तपासलंस ना? एकदा बाहेर चक्कर मारली असतीस तर पाय झिजले असते?

बाबा कालव्याच्या उतारावर पडले होते. आम्ही भलतीकडेच शोधत होतो. शेवटी दूधवाल्याला दिसले. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, आता चालणं नाही. तेव्हा आमच्यापुरतं बिल्ल्याचं काम संपलं.

तरी बाबा आता तो काढू देत नाहीत. "धाकट्यानं केलाय," म्हणून नर्सलासुद्धा दाखवतात. माझा जळफळाट होतो, हेही लिहूनच टाकते.

असे बिल्ले आणखी घरांत गेलेत. सोबत दुरुस्ती पाठवलीय. जीपीएस चालू असेपर्यंत वीज तोडायची नाही, एवढंच. आजच घाल, आणि काकांना फोन करून खरं काय ते सांग. दुरुस्तीखाली चूक कोणी कळवली, कोणी तपासली, हे लिहायची आपल्या कामात रीत आहे. मी सांगते तसंच लिही.

चूक कळवली : बाबांनी, कालव्यावर पडून.
तपासली : जिचं नाव ते विसरलेत, तिने.