तक्रार नसलेला पंप

प्रिय बाळ्या,

ऑफिसात तुला सगळे साहेब म्हणतात, पण तुझं नाक पुसत आलेल्या बहिणीला ते काही जमणार नाही. तुमच्या खात्याचा निर्णय मला पंपवाल्या काकांकडून कळला. यंदाही आपल्या भागातला पंप बदलायचा नाही, दुरुस्त्या करतच चालवायचा. फोन करून हे मला सांगायला तुला तोंड नव्हतं, एवढं समजलं.

मी पंपघरात जाऊन आले. तू आत शेवटचा कधी गेला होतास? जमिनीवर कायम पाणी, पाय ठेवायला दोन विटा टाकल्यात. शाफ्टपाशी गळतं तिथे काकांनी कुणाची तरी जुनी ओढणी आवळून बांधलीय. बेअरिंग कितीदा बदललं, पण शाफ्टच वाकलाय म्हटल्यावर नवं बेअरिंग तरी काय करणार? आवाज एवढा, की काका आता घरीही ओरडूनच बोलतात आणि काकूंना वाटतं भांडण काढतायत. त्यांनीच मला तुमचा नियम सांगितला. ज्या भागातून तक्रारी जास्त, तिथलं यंत्र आधी बदलायचं. आपल्या भागातून वर्षभरात एकही तक्रार नाही, म्हणून आपला पंप यादीत तळाला. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, तेव्हा नियम म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. यादी अजून पक्की झालेली नाही, असंही काका म्हणाले. आम्ही का रडलो नाही, ते त्यांना ठाऊक आहे.

तुझ्या बढतीचं चाललं होतं तेव्हा तू जेवायला आला होतास. आपल्याच गल्लीतून तक्रारी आल्या तर वरचे मला हसतील, म्हणालास. आई, तेवढं लोकांना सांग, पंपाचं मी बघतो. झालं! मुलाचा शब्द घेऊन ती दारोदार फिरली. शिंपीणकाकू, वरच्या मजल्यावरचे मास्तर, कोपऱ्यावरचा सायकलवाला, सगळ्यांना सांगून आली की माझा मुलगाच तिथे बसलाय, लिहायची गरज काय. लोक तिच्याकडे बघून गप्प बसले. तुला बढती मिळाली. मग यादी करायला बसलास, तेव्हा आमचं तेच गप्प बसणं बघून तू पंप नीट चालतोय असं धरलंस. मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. तू विसरलास. मला तेच जास्त झोंबलं, बाळ्या. मुद्दाम केलं असतंस तर निदान आमची आठवण तरी झाली असती.

इथे पाणी वर चढतच नाही. आमच्या मजल्यावर नळ सोडला की नुसता फुसफुसतो. सगळी बिल्डिंग खालच्या नळावर, बादल्यांना बादल्या आपटतायत. पाणीखात्याच्या साहेबाची आई रांगेत उभी बघून मास्तर म्हणाले, दिव्याखाली अंधार. ते हसले तरी. शिंपीणकाकूंनी आईशी बोलणंच टाकलं. तुमच्या शब्दावर राहिलो, म्हणाल्या. आईला उलट बोलता येईना आणि तुझ्याविरुद्ध ब्र काढवेना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी तिला बादली उचलू देत नव्हते. पण मी कामावर गेले की ती खाली उतरायची. आपणही सगळ्यांसारखंच वाहून आणतो, हे लोकांना दिसावं म्हणून.

गेल्या सोमवारी ती भरल्या बादलीसकट जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय, पण पुन्हा चालेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती, त्याच्या मागे कामं कमी आहेत का म्हणून. ती मी आज मोडतेय. आई फिरली होती त्याच दारांवर काल मी तक्रारीचा अर्ज घेऊन गेले. सगळ्यांनी सह्या केल्या, शिंपीणकाकूंनी तर कणकेचा हात पुसून आधी केली. मग कागद दवाखान्यात आईपुढे धरला. तिने चष्मा मागितला, वर तुझ्या खात्याचं नाव वाचलं आणि पेन मला परत दिलं. माझी काही तक्रार नाही, म्हणाली. अर्ज उद्या तुझ्या टेबलावर येईल, त्यात तिची सही शोधू नकोस. तुझ्या नियमाने आई अगदी ठणठणीत आहे.

तुझीच,
ताई