चार्जिंगचे सेल

उंद्री, ता. चिखली
दि. ६ एप्रिल २०२६

चि. सौ. समता हिस,

कोकिळाचे अनेक आशीर्वाद. राजकुमाररावांना नमस्कार, आणि आमच्या हिमूच्या दोन्ही गालांचा पापा.

पत्र पाहून दचकू नको, सगळे ठीक आहे. आजकाल पोस्टमन दारात आला की लोकांना आधी कोर्टाची नोटीस आठवते. हे तसलं काही नाही. अंगणवाडीत होते तोवर रोज काहीतरी लिहावं लागायचं. रिटायर झाल्यापासून हात रिकामा राहतो. म्हणून बसले लिहायला.

इकडची खबर सांगते. हरभरा निघाला, गहू घरात आला. कुरडयांसाठी गहू भिजत घातलेत. सुभद्राबाई मदतीला येते म्हणाली आहे, पण तुला तिचं माहीतच आहे, तोंड जास्त चालतं आणि हात कमी. चांदी गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. नानांचा गुडघा तसाच आहे, पण पट्टा बांधून शेतात जातात. मी सांगून थकले.

एक नवीनच भानगड झाली. आम्ही मोबाइलवरून चार्जिंगचे सेल मागवले. चार सेल आणि त्यांना चार्ज करायचा एक डबा. नानांच्या टॉर्चसाठी. लाइन रात्रीची असली की मोटर चालू करायला जावं लागतं ना. सुभद्राबाईच्या सुनेनं, करिष्मानं, मला दाखवले आणि बटण मी दाबलं. तू शिकवलं होतंस तसंच, आधी पत्ता वाचून, मग दाबून.

पार्सल आलं तेव्हा त्या माणसानं फाटकातून आवाज दिला, "समता गणेश सोळंके कोन हाये?" मोबाइलवर खातं अजून तुझ्याच नावाचं आणि तुझ्याच नंबराचं आहे. मी हात पुसत बाहेर येईपर्यंत नाना खाटेवरूनच म्हणाले, "इथलीच हाये. द्या इकडं." पार्सल त्यांनीच घेतलं. करिष्मा म्हणाली, "काकू, नाव बदलता येते, देऊ का बदलून?" मी म्हटलं, राहू दे, पाहू पुढं.

सेल मात्र खराब निघाले. रात्रभर लावून ठेवले तरी डब्याचा लाल दिवा नुसता लुकलुकतो, हिरवा होतच नाही. एक सेल तर इतका तापला की बोटाला चटका बसला. टाकले की तुळशीपर्यंत जातो आणि बंद. म्हणजे नाना टॉर्च घेऊन तुळशीपर्यंत जातात, तोवर टॉर्च बंद.

नाना म्हणाले, "मी खामगावले जाऊन बदलून आनतो." मी म्हटलं, "ऑनलाइनचा माल खामगावचा दुकानदार कायले बदलून देईन? अन् दुकानच पाहाचं तर चिखली काय वाईट हाये?" ऐकलं नाही. धुतलेलं धोतर नेसले, नवी टोपी घातली आणि सकाळच्या एसटीनं गेले. दुपारी उन्हाचे आले. पिशवीत सेल तसेच. "नाही घेत म्हने," एवढंच बोलले, पाणी प्याले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

खामगावला येऊन तुझ्या घरी आले नाहीत, याचा राग धरू नको. तुझं लग्न लागलं त्या दिवशी तुम्हा तिघांची गाडी फाटकातून गेली आणि ते मला म्हणाले होते, "कोकिळे, नवं रोप लावलं का रोज उपटून मुळ्या पाहात नसते. एक वर्ष आपून फोन कराचा नाही, जाचं नाही. तिचा आला तं बोलू. तिले तिथं रुजू दे." मलाही ते पटलं. जुन्या सासूचे फोन सारखे आले तर नव्या घराला काय वाटेल, हे माझ्याही मनात होतंच.

पत्राचं मात्र ते काही बोलले नव्हते. म्हणून लिहिते.

करिष्मानं खराब सेलचे फोटो काढून तक्रार टाकली आहे. उद्या चिखलीहून माणूस येऊन घेऊन जाईल म्हणे. आता पत्र इथंच ठेवते, गव्हाचं पाणी बदलायचं आहे.

दि. ८ एप्रिल

समता, हे पत्र परवाच संपवून टाकलं असतं तर साधं खुशालीचं झालं असतं. आता तसं होत नाही.

काल दुपारी तो माणूस आला. नाना शेतात होते, करिष्मा माहेरी गेलेली. मी सेल, डबा, खोका सगळं बांधून ठेवलं होतं. तो म्हणाला, "काकू, कोड सांगा."

"कायचा कोड?"

"समताताईच्या मोबाइलवर आला असन. तो टाकल्याबिगर मले माल नेता येत नाही."

मी म्हटलं, "ती इथं नाही राहत."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. तोवर कुणी विचारलंच नव्हतं, सगळ्या गावाला माहीत आहे. त्याला त्याचं काय? तो म्हणाला, "मंग फोन लावा न काकू, मले अजून अमडापूरले जाचं हाये."

वर्षभर त्या नंबरावर बोट नेऊन मागं घेतलं होतं. काल एका परक्या माणसाच्या घाईपायी लावला. तू उचलशील म्हणून मी घसा साफ केला. उचलला राजकुमाररावांनी. जेवायला घरी आले होते म्हणाले, समता हिमूला आणायला शाळेत गेली आणि फोन घरीच विसरली. मी म्हटलं, "त्रास देते, फक्त तो मेसेजमधला कोड सांगा." त्यांनी सावकाश एक-एक आकडा सांगितला. त्या माणसानं दाबला, पिशवी उचलली आणि गेला. मी ठेवणार, तर ते म्हणाले, "मावशी, ठेवू नका. एक बोलू का?"

त्यांचं बोलणं जसं आठवतं तसं लिहिते. यात त्यांची काही चूक नाही, त्यांना बोल लावू नको.

"वर्ष होत आलं, तुमचा एकबी फोन नाही. आधी समता दर रविवारी लावे. मंग म्हनाली, मीच किती लावू? त्यायनं मले वाटेले लावलं, त्यायची सुटका झाली, आता कायले जुनं उगाळू. मी मधात नाही बोललो, मावशी. मी बोललो तं तिले काही अलगच वाटलं असतं."

त्यांना वाटलं फोन कटला. "हॅलो, हॅलो" म्हणाले. मी हाव म्हटलं.

मग म्हणाले, "पन तुमच्या सामानाचे मेसेज येते न तिच्या फोनवर. त्यातला एक पुसत नाही ती. गुडघ्याचा पट्टा आला तवा म्हने, नानाचं दुखनं वाढलं वाटते. हे सेल मागवले तवा हिमूले म्हने, तुह्या ट्रॅक्टरले सेल आनले व नानानं, चारच लागते त्याले. दोघी लय हसल्या. मंग ती आत गेली अन् बराच वेळ बाहीर नाही आली."

फोन ठेवल्यावर मी ओट्यावरच बसून राहिले. भिजलेल्या गव्हाचं भांडं समोर तसंच.

आता तुला टॉर्चचं कशाला सांगू? टॉर्च वायरीवर चार्ज होते, तीही तूच घेऊन दिली होतीस. सेल हिमूच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरचेच. जाताना हिमूनं तो नानांच्या मांडीवर ठेवला होता, "सांभाळा हं" म्हणून. तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी नाना ओट्यावर बसतात आणि तुळशीभोवती तो फिरवतात. त्यांच्या जाड बोटांना रिमोटची बटणं नीट सापडत नाहीत, ट्रॅक्टर कधी चुलीच्या लाकडांत घुसतो, कधी चांदीच्या पायाशी. मी एकदा हसले, तर रागावून म्हणाले, "चालता नाही ठेवला तं जाम होते ते. पोरगी आली तं काय सांगू तिले?" संध्याकाळी अंगणातली खाट तेवढी बाजूला करते, त्याला वाट राहावी म्हणून.

काल ते शेतातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला, मग मी सगळं सांगितलं. सुटका हा शब्दही सांगितला. लपवला नाही. ते कितीतरी वेळ कपाची किनार पुसत बसले. मग म्हणाले, "मी सेल बदलाले नव्हतो गेलो व."

हिमूच्या शाळेसमोर उसाच्या रसाची गाडी लागते ना, तिथं उभे होते. शाळा सुटली. हिमू बाहेर आली. उंच झाली म्हणाले, दोन वेण्या घालते आता. तू आलीस, तिचं दप्तर तुझ्या खांद्यावर घेतलंस, तिच्या डोक्यावर तुझी ओढणी टाकलीस आणि दोघी निघालात. नानांच्या हातात रसाचा गिलास होता, तो त्यांनी तसाच गाडीवर ठेवून दिला.

मी विचारलं, "आवाज काऊन नाही देल्ला?"

म्हणाले, "वर्ष कुठं झालं होतं?"

समता, चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला कधी चूक कबूल करताना पाहिलं नाही. काल त्यांनी मला विचारलं, "माहं चुकलं का व?" मी म्हटलं, "ठरवलं ते नाही चुकलं. पन तिले सांगाले पाह्यजे होतं." खरंच, तुझ्याबद्दलची गोष्ट आम्ही दोघांनी ठरवली आणि तुलाच कळवायची राहून गेली. आम्ही इथं रविवारी फोनजवळ बसायचो. तुझा नाही आला की म्हणायचो, चांगलं लक्षण आहे, पोरगी रमली. आणि तू तिकडं समजलीस की आम्ही तुला विसरलो.

तर आता ऐक. तुला पाठवलं ते आम्हाला जड झालीस म्हणून नाही. डेंग्यूनं गणेश गेला, त्यानंतर तीन वर्षं तू या घराला उभं धरलंस. पण तिशी ओलांडायच्या आधीच तू आमच्या गोळ्यांच्या वेळा पाठ करत बसली होतीस. एक दिवस तू हिमूचा फ्रॉक शिवत होतीस आणि नाना मला हळूच म्हणाले, "हे आपल्या मांगं एकटी पडन व." दुसऱ्या दिवसापासून ते स्थळ शोधायला लागले. गावात लोक काय काय बोलले ते तुझ्या कानावर आम्ही येऊ दिलं नाही. तू हो म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं, आणि तू गेल्यावर सहा महिने मी पोळ्या चौघांच्याच करत होते. दोन्ही खरं आहे. सुटका कुणाचीच झाली नाही, बाई.

अक्षय तृतीया, आपली आखाजी, दहा-बारा दिवसांवर आली. तुझे आईवडील नाहीत, आणि कन्यादान नानांनी केलं, मग आखाजीला लेकीनं यायचं ते इथंच. नाना आदल्या दिवशी सकाळी तुला न्यायला येतील, मुराळी म्हणून, तुझ्या घराच्या दारातून. राजकुमाररावांनाही सांग. तुमच्यासोबत यायला जमलं तर फार बरं, नाही तर आखाजीच्या दिवशी जेवायला यावं. जावई आहेत ते आमचे. हा शब्द लिहिताना मला जड जाईल असं वाटलं होतं, पण नाही गेला.

एक अवघड आहे, तेही सांगून टाकते. आखाजीला गणेशच्या नावानं पितरांची घागर भरायची असते. त्याच दिवशी, त्याच अंगणात लेकीचा झोका बांधायचा. हे दोन्ही कसं जमवायचं ते मला कुणी शिकवलं नाही. घागर मी सकाळी लवकर भरीन. तुला जवळ यायचं असेल तर ये, नसेल यायचं तर हिमूला घेऊन झोक्यावर बस. कुणी काही म्हणणार नाही. घागरीजवळ नाना बसतील, मी पुरणाकडे पाहीन, मग मी बसेन आणि ते पाहतील. पुरण लागेल बहुतेक. लागलेलं खाऊ.

खराब सेलच्या बदल्यात कंपनी नवीन पाठवणार आहे. त्याचा मेसेज तुला येईलच. नाव मी बदललेलं नाही.

हे पत्र पोचेपर्यंत शनिवार उजाडेल. रविवारपासून रोज संध्याकाळी मी फोन करणार आहे. नानांनी परवानगी दिली असं नाही, मीच सांगितलं त्यांना. तुला रोज बोलायलाच पाहिजे असं नाही. स्वयंपाकात असलीस, पाहुणे असले, मन नसलं, तर उचलू नको. नुसता वाजू दे. वाजला की समज, आम्ही दोघं आहोत, बरे आहोत, आणि तुझी आठवण काढत बसलो आहोत.

आखाजीला फाटकात उभी असेन.

तुझी आई,
कोकिळा
(आत्याबाई म्हटलंस तरी चालेल, सवय मोडायला वेळ लागतो.)