फुटपाथवरची वाळू

२ मार्च २००२
पुन्हा वाळूचं वादळ! समोरचं गोदामही दिसेना. फटींत ओले टॉवेल कोंबले, तरी भातात कचकच.

४ मार्च
रस्ता लख्ख. वाळू ढकलली कुठे – तर फुटपाथवर! कंबरेइतका ढीग. सुजीतच्याच कंपनीकडे या रस्त्याच्या सफाईचं कंत्राट. त्याला म्हटलं, "माणसांनी चालायचं कुठून?"
"आधी मेन रोड, मग सर्व्हिस रोड. फुटपाथ जमेल तेव्हा. स्टँडर्डच तसं आहे, अनु."
आभा टीव्हीवरची नजर न काढता – "ममा, नोबडी वॉक्स हिअर!"
नोबडी! अल क्वोजच्या लेबर कॅम्पांतली माणसं रोज इथूनच सायकली हाणत कामाला जातात. ती नोबडी. बापाची लेक!

७ मार्च
समाधानला ट्रकने उडवलं.
खालच्या किराणा दुकानातला, माणगावचा. सायकलवरून सामान पोचवायचा. "वहिनी, कोथिंबीर ताजी आलीय" म्हणून आपणहून आणायचा. ढीग चुकवायला रस्त्यावर उतरला. मी बाल्कनीतच होते. ओरडलेसुद्धा नाही.

८ मार्च
पाय काढला. उजवा.
आणि सकाळीच माणसं लावून फुटपाथ साफ! जमलं म्हणजे.

१० मार्च
मॅनेजरने सुजीतला सांगितलंय – फुटपाथ आधीच साफ होता असं पोलिसांना सांग. म्हणजे चूक समाधानची. पाय गेलेला माणूस रिकाम्या हाताने घरी.
"मग तू काय म्हणालास?"
"बघू."
"बघू काय? ढीग मी पाहिलाय!"
"हळू बोल. व्हिसा कंपनीचा, फ्लॅट कंपनीचा. नोकरी गेली की दोन्ही जाणार."
नंतर जेवला. दही मागून घेतलं! मला त्याच्याकडे बघवेना. याच माणसाशी लग्न केलं मी?

११ मार्च
अबोला.

१३ मार्च
सुजीतला न सांगता पोलीस स्टेशनला गेले. ढिगाचं सगळं सांगितलं. समोरचा पोलीस म्हणाला, "मॅडम, ये तो कल ही लिखवा दिया. कंपनी का आदमी खुद आया था – सुजीत."
घरी आले. हा कपाटावरच्या बॅगा खाली काढून पुसत बसलेला. मान वर न करता म्हणाला, "आभाची परीक्षा तरी होऊ देतील ना गं?"